पगार आणि दिवा

प्रश्न : मुलीने पोर्तुगीजचा वर्ग लावला आहे. तिच्या पुस्तकात 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ 'पैसे देणे'. आपला पगार तोच का? आणि 'अपगार' म्हणजे 'दिवा बंद करणे' कसं? (एक वाचक, दादर)

उत्तर : हो, तोच. मुलीला शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. 'प' आखूड, सगळा जोर 'गा'वर. हा उच्चार मराठीने जसाच्या तसा उचलला, म्हणून आपण 'पागर' म्हणत नाही. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, मुंबईची बेटंही १६६५पर्यंत त्यांचीच. पाव, चावी हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले.

मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. 'पाक्स' म्हणजे शांतता. सावकाराचे पैसे चुकते केले की त्याचं समाधान होतं, तगादा थांबतो. त्यातून 'पैसे देणे' हा अर्थ रुळला. दोन स्वरांमधल्या लॅटिन 'क'चा पोर्तुगीजमध्ये बहुधा 'ग' होतो : 'आमीकुस'चा (मित्र) 'अमीगु', तसाच 'पाकारे'चा 'पगार'. इंग्रजी 'पे' त्याच मुळातून फ्रेंचमार्गे आला. तेव्हा पगार आणि पेमेंट ही सख्खी चुलत भावंडं.

'अपगार'मध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आगीला, ज्योतीला शांत करायचं, म्हणजे विझवायचं. पुढे विजेचा दिवा बंद करणं आणि फळा पुसणंही त्यातच आलं. देवापुढचा दिवा विझला असं आपणही म्हणत नाही, 'शांत झाला' म्हणतो. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

मराठीत मात्र क्रियापदाचं नाम झालं. पोर्तुगीजमध्येही क्रियापदाचं मूळ रूप नामासारखं चालतं. मग आपल्या प्रत्ययांनी 'पगारी', 'बिनपगारी', 'भरपगारी रजा' घडले. तिकडे महिन्याच्या पगाराला 'सलारियु' म्हणतात, हे मुलीने लक्षात ठेवावं.

नवशिके हमखास चुकतात ते लिहिताना. 'मी पैसे दिले' म्हणजे 'पगेय'. यात 'जी'नंतर मुका 'यू' लिहावाच लागतो, कारण 'ई'च्या आधी नुसता 'जी' आला की त्याचा उच्चार 'ग' न राहता 'झ'कडे झुकतो. 'अपगार'च्या 'अपगेय'लाही हाच नियम.