डाइव्ह कॉम्प्युटरचा सेल वारंवार का संपतो?

पावसाळ्यात बंद राहिलेले कोकण किनाऱ्यावरचे स्कूबा डायव्हिंग ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होते आणि कपाटातले साहित्य बाहेर निघते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे डाइव्ह कॉम्प्युटरच्या, म्हणजे खोली आणि वेळ मोजून अजून किती वेळ पाण्याखाली सुरक्षित राहता येईल ते दाखवणाऱ्या यंत्राच्या, सेलविषयी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी मालवण परिसरात पर्यटकांना समुद्राखाली नेणारा मार्गदर्शक आहे. माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरला सीआर 2450 सेल लागतो. पुस्तिकेत त्याचे आयुष्य दोन वर्षे दिले आहे. माझा मात्र अडीच महिन्यांत संपतो. काढलेला सेल मल्टिमीटरवर पाहिला तर जवळजवळ 3 व्होल्ट दाखवतो. यंत्रातच दोष आहे असे समजावे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. पुस्तिकेतले आयुष्य हौशी माणसाच्या वापरावर बेतलेले असते, म्हणजे वर्षाला पन्नास-शंभर बुड्या धरून. आपण हंगामात दिवसाला तीन-चार बुड्या मारत असाल, तर तेवढ्या बुड्या महिनाभरातच पूर्ण होतात. तेव्हा आधी यंत्राच्या नोंदवहीतून, या सेलवर एकूण किती तास पाण्याखाली गेले ते मोजून पाहावे. कदाचित सेलने आपले काम चोख केलेले असेल.

हिशेब जुळला नाही, तर मी सर्वांत आधी पाण्याचा स्पर्श ओळखणाऱ्या धातूच्या बिंदूंकडे बोट दाखवीन. अनेक कॉम्प्युटर या बिंदूंमधून पाण्यातून वीज वाहू लागली की आपोआप जागे होतात. बुडीनंतर यंत्र ओल्या वेटसूटसोबत (बुडीच्या रबरी पोशाखासोबत) पिशवीत पडून राहिले, किंवा बिंदूंवर खाऱ्या पाण्याचा थर साचून तो दमट हवेत ओलसर राहिला, तर यंत्राला आपण अजून पाण्यातच आहोत असे वाटते आणि ते झोपतच नाही. सीआर 2450 ची क्षमता साधारण 600 मिलिअँपिअर-तास असते. जागे असताना यंत्र 1 मिलिअँपिअर वीज घेते असे धरले, तर अखंड जागे राहून ते 25 दिवसांत सेल रिकामा करील, आणि तेही एकही बुडी न मारता. म्हणून रोज संध्याकाळी यंत्र गोड्या पाण्यात धुऊन, बिंदू मऊ ब्रशने घासून, कोरड्या फडक्याने पुसून, इतर साहित्यापासून वेगळे ठेवावे. ते कोरडे असूनही पडद्यावर पाण्याचे चिन्ह दिसत राहिले, तर कारण सापडले असे समजावे.

आता मल्टिमीटरविषयी. या लिथियम सेलचा व्होल्टेज बराच काळ 3 व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी झपाट्याने उतरतो; त्यामुळे नुसत्या टोकांवर घेतलेले माप सेल किती उरला आहे हे सांगत नाही. सेल वापरला जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि पडद्यामागचा दिवा लागला किंवा धोक्याचा भोंगा वाजला की मागणी अचानक वाढून व्होल्टेज क्षणभर कोसळतो. यंत्र ‘सेल संपला’ म्हणते ते त्या क्षणी, टेबलावर नव्हे. खरी पारख करायची असेल तर सेलच्या टोकांना 300 ओहमचा रोध दोन सेकंद जोडून, म्हणजे सुमारे 10 मिलिअँपिअर वीज वाहत असताना, माप घ्यावे आणि नव्या सेलचे माप त्याच रीतीने घेऊन शेजारी मांडावे. दोन मापांतला फरक पुरेसा बोलका असतो.

सेल विकत घेताना वेष्टनावरची मुदत पाहावी आणि क्रमांकाचा प्रत्येक अंक पाहावा. 2450 म्हणजे व्यास 24.5 आणि जाडी 5 मिलिमीटर. 2430 ची जाडी फक्त 3 मिलिमीटर आणि क्षमता जवळपास निम्मी. मॅरेस कंपनीच्या पक प्रो या कॉम्प्युटरला पहिला लागतो, तर क्रेसी कंपनीच्या लिओनार्दोला दुसरा. एकाच व्यासाचे असल्यामुळे हे सेल एकाच डब्यात मिसळलेले मी दुकानांत पाहिले आहेत. ‘एलआयआर’ अक्षरांचा, पुन्हा चार्ज होणारा सेल तर मुळीच घालू नये. तो पूर्ण भरलेला असताना 4.2 व्होल्टपर्यंत जातो.

जाता जाता एक कळकळीची विनंती. आपल्याकडे काढलेले सेल पुष्कळ साठत असतील. ते चिकटपट्टीत गुंडाळून लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजते. थोडीही शंका आली तरी मुलाला तडक रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : अंदमानातील स्वराज द्वीप येथे पहिल्या दिवशीच्या तीन बुड्यांनंतर माझ्या कॉम्प्युटरवर सेल संपत आल्याची खूण दिसली. संध्याकाळी घड्याळाच्या दुकानात सेल बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी पाण्यात काचेआड धुके जमले. शिवाय यंत्र पहिल्या बुडीलाच मला पाण्याखाली राहण्यासाठी बराच जास्त वेळ दाखवत होते. त्या दिवशी काही त्रास झाला नाही. नेमके काय चुकले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण सुखरूप आहात याचे समाधान वाटते, पण जे घडले ते धोक्याचे होते आणि त्यात धुक्यापेक्षा तो जास्तीचा वेळ अधिक गंभीर आहे. बुडीत दाबाखाली श्वासातून शरीरात मुरलेला जादा नायट्रोजन बुडीनंतर हळूहळू बाहेर पडतो आणि कॉम्प्युटर त्याचा हिशेब पाण्याबाहेरही चालू ठेवतो. अनेक मॉडेलांत सेल काढला की हा हिशेब पुसला जातो. यंत्राच्या दृष्टीने आपण त्या सकाळी पाण्यात कधीच न उतरलेली व्यक्ती होता; आपल्या शरीरात मात्र आदल्या दिवसाच्या तीन बुड्यांचा उरलेला नायट्रोजन होता. सेल बदलल्यावर हिशेब जपून ठेवणारी मॉडेलेही आहेत. आपले यंत्र त्यांपैकी आहे असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर शेवटच्या बुडीनंतर निदान 24 तास, आणि लागोपाठ अनेक दिवस बुड्या झाल्या असतील तर 48 तास, सेलला हात लावू नये. सहलीतच सेल संपला, तर बदलल्यानंतर तेवढा काळ पाण्याबाहेर राहावे. सुट्टीचा एक दिवस जातो, हे मला समजते. तरीही मी हेच सांगेन.

आता धुके. झाकणाखालची ओ-रिंग ही रबराची बारीक कडी समुद्र आणि विजेचे मंडळ यांच्यामधला एकमेव अडसर असते. 30 मीटरवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सुमारे 3 बारने जास्त असतो. तीन सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो जवळपास 21 किलोंचा भार टाकतो. खोलवर हा भार झाकण आत दाबून धरतो, म्हणून गळती पुष्कळदा उथळ पाण्यातच सुरू होते. ओ-रिंगवर एक केस, वाळूचा कण किंवा कापसाचा धागा राहिला तरी पाण्याला वाट मिळते. घड्याळाच्या कारागिराचा हात सफाईदार असतो, परंतु त्याच्याजवळ आपल्या मॉडेलची नवी ओ-रिंग असेलच असे नाही. दर वेळी सेलबरोबर ओ-रिंगही बदलावी; खाच न सुटणाऱ्या धाग्यांच्या फडक्याने पुसावी; कंपनीच्या संचातले ग्रीस कडी फक्त चमकेल इतकेच लावावे. घरातली पेट्रोलियम जेली वापरू नये, कारण काही प्रकारचे रबर तिने फुगते.

धुके पुसट असेल आणि यंत्र बाहेर आल्यावर नाहीसे होत असेल, तर दमट हवेत झाकण उघडल्यामुळे आत कोंडलेली वाफ एवढेच कारण असू शकते. वातानुकूलित कोरड्या खोलीत पुन्हा उघडून, नव्या ओ-रिंगने बंद केल्यावर ते थांबते. पाण्याचे थेंब किंवा हिरवट-पांढरा थर दिसला, तर मात्र यंत्र चेहऱ्यापासून दूर धरून सावकाश उघडावे, कारण भिजलेल्या सेलमुळे आत वायू साठलेला असू शकतो. सेल लगेच काढावा आणि यंत्र कंपनीच्या सेवा केंद्रात दाबचाचणीसाठी द्यावे. बादलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे येत नाहीत हे पाहणे, म्हणजे दाबचाचणी नव्हे.

प्रश्न : मी जर्मनीत राहते. येथील तलावात हिवाळ्यात बुडी मारताना, घरी पूर्ण भरलेला दिसणारा सेल 20 मीटर खोलीवर बंद पडला आणि पडदा काळा झाला. घरी परतल्यावर तोच कॉम्प्युटर व्यवस्थित सुरू झाला. (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : हिवाळ्यात खोल तलावाच्या तळाशी पाणी 4 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि अर्धा वापरलेला सेल दिव्याचा भार पेलू शकत नाही. उबेत तो पुन्हा सावरतो, पण त्याच्यावर विसंबून थंड पाण्यात पुन्हा उतरू नये. मोजमापही घरातल्या तापमानाला नव्हे, तर यंत्र तासभर थंड पाण्यात ठेवल्यानंतर घ्यावे. आपल्या यंत्रात एए सेल बसत असेल, तर मेनूतला सेलचा प्रकार तपासावा. अल्कलाइन, लिथियम आणि 1.2 व्होल्टचा चार्ज होणारा सेल यांचे व्होल्टेज वेगवेगळे असल्याने चुकीची निवड उरलेल्या सेलचा चुकीचा अंदाज दाखवते.

पडदा गेला की बुडी तेथेच संपवावी. बडीला, म्हणजे बुडीतल्या जोडीदाराला, खूण करून, मिनिटाला 9 मीटरहून अधिक वेग होऊ न देता वर यावे, 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे सुरक्षिततेचा थांबा, घ्यावा आणि पुढचे 24 तास पाण्यात जाऊ नये. उरलेल्या बुडीसाठी बडीच्या कॉम्प्युटरवर विसंबू नये. त्याचा हिशेब त्याच्या शरीराचा आणि त्याच्या खोलीचा असतो. थंड पाण्यात उतरताना दुसऱ्या मनगटावर खोली आणि वेळ दाखवणारे एक साधे, वेगळ्या सेलवर चालणारे उपकरण असावे, आणि त्याचाही सेल हिवाळ्याच्या सुरुवातीलाच नवा घालावा.