वाहनविचार : घाटातला गिअर, गल्लीतला क्लच

प्रश्न : मी शहापुरात राहतो आणि उद्यमबागेतील एका फाउंड्रीत नोकरी करतो. रोजचे जाणे-येणे सुमारे दहा किलोमीटर आहे. सासुरवाडी गोव्यात साखळीला असल्यामुळे महिन्यातून एकदा चोर्ला घाट ठरलेलाच असतो. जुनी गाडी काढून ह्युंदाई आय-२० एन लाइन घ्यावी असे मनात आहे. मित्र म्हणतात, अशी जोरकस गाडी ऑटोमॅटिक घेणे म्हणजे तालमीत जाऊन नुसते बाकड्यावर बसणे. पत्नीही गाडी चालवते आणि डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना क्लच दाबवत नाही. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे पंधरा वर्षांपूर्वी बरेचसे खरे होते. त्या काळी आपल्याकडे परवडणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये चार गिअर असत, पाय दाबल्यानंतर गाडी विचार करून निघे आणि पेट्रोलही जास्त पिई. आज मात्र ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळी यंत्रे विकली जातात, आणि त्यांपैकी कोणते यंत्र आहे हे न विचारता दिलेला सल्ला, मग तो माझा असो वा मित्रांचा, फारसा उपयोगाचा नसतो.

पहिला प्रकार एएमटीचा. ही मुळात मॅन्युअल गाडीच असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी एक यांत्रिक हात करतो. ती स्वस्त असते आणि मायलेजही चांगले देते, पण प्रत्येक गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते. चोर्ल्याच्या दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना तो क्षण फार लांबलचक वाटतो. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचा दुवा असल्यामुळे तो मऊ चालतो आणि मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रहदारीतही कुरकुर करत नाही. आपण म्हणता त्या गाडीत तिसरा प्रकार येतो, म्हणजे सात गिअरचा ड्युअल क्लच. त्यात सम आणि विषम गिअरांसाठी दोन वेगळे क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल इतका झटपट होतो की मॅन्युअल गाडीत सराईत हातालाही तो साधणे कठीण जाते.

याच गाडीचा थोडा इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. २०२१ साली एन लाइन आली तेव्हा ड्युअल क्लचच्या जोडीला आयएमटी होता, म्हणजे गिअरची दांडी हाताने हलवायची, पण क्लचचे पेडल नाही. २०२३ मध्ये कंपनीने आयएमटी काढून त्या जागी क्लचसह सहा गिअरचा पूर्ण मॅन्युअल दिला. इंजिन मात्र दोन्हीकडे तेच आहे : एक लिटरचे टर्बो, म्हणजे जास्त हवा कोंबून शक्ती वाढवणारे पेट्रोल, १२० पीएस (अश्वशक्तीचे माप) शक्ती आणि १७२ न्यूटन मीटर टॉर्क. यावरून असे दिसते की अशा गाडीच्या गिऱ्हाइकाला एक तर पूर्ण क्लच हवा असतो किंवा मुळीच नको असतो.

आता घाटाकडे वळू. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून केरीकडे उतरू लागलो की वळणे एकामागून एक येतात, आणि गिअरबॉक्सची खरी परीक्षा तेथे होते. लहान टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर झोपलेले असते. मॅन्युअल गाडीत चढावरच्या तीव्र वळणावर तिसरा गिअर राहिला तर गाडी हुंदके देते. सावध चालक आधीच दुसरा टाकून ठेवतो. ड्युअल क्लच हे काम स्वतः करतो, पण ‘डी’मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह स्थितीत ठेवल्यास पेट्रोल वाचवण्याच्या नादात तो वरचा गिअर लवकर घेतो, वळणात शिरताना गाडी पाचव्यात असते आणि पाय दाबल्यावर ऐन वळणात तिला खालच्या गिअरची आठवण होते. म्हणून घाट लागण्यापूर्वीच स्पोर्ट मोड लावावा किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने, म्हणजे बोटाने ओढायच्या पट्टीने, गिअर आपल्या हाती घ्यावा. उतारावर तर हे अधिकच आवश्यक आहे. पॅडलने दुसरा किंवा तिसरा गिअर धरला की इंजिन गाडीला मागे ओढते आणि ब्रेक तापत नाहीत. पावसाळ्यात धुके दाटून आलेले असताना ‘डी’मध्ये नुसता ब्रेक दाबत खाली उतरणारे लोक पाहिले की मला धडकी भरते. (अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, हा नियम आपल्याकडे बहुतेकांनी परवाना मिळाल्याच्या दिवशीच घरी ठेवलेला दिसतो.)

ड्युअल क्लचची दुखरी बाजू घाटात नाही, गावात आहे. या गाडीतला क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडलेला असतो. कपिलेश्वर पुलाच्या चढावर रहदारी तुंबली आणि आपण अर्धवट ब्रेक सोडून इंच-इंच पुढे सरकत राहिलात, तर क्लच घसरत राहतो आणि तापतो. मॅन्युअल गाडीत ‘हाफ क्लच’वर गाडी धरून ठेवण्याची जी वाईट सवय आहे तीच ही, फक्त येथे ती पायाच्या नकळत लागते. उपाय सोपा आहे : थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबावा, पुढे एका गाडीइतकी जागा झाली की मगच एका दमात सरकावे, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नये. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री मात्र गाडी घरीच ठेवावी. तेथे कोणताच गिअरबॉक्स कामाचा नाही.

खर्चाचा एक मुद्दा सीमेच्या या बाजूला विशेष महत्त्वाचा आहे. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १४ टक्के आणि १० ते २० लाखांच्या गाडीवर १७ टक्के आजीवन कर पडतो, अधिभार वेगळा. समजा मॅन्युअल ९ लाख ९० हजारांची आणि ऑटोमॅटिक १० लाख ९० हजारांची आहे. फरक एक लाखाचा दिसतो, पण कर १ लाख ३८ हजार ६०० वरून १ लाख ८५ हजार ३०० वर जातो, म्हणजे तो एक लाख प्रत्यक्षात जवळपास दीड लाखाचा होतो. शोरूममधल्या फलकावर हे लिहिलेले नसते. हा कर टाळण्यासाठी सीमेपलीकडच्या कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या नावावर गाडी घेऊन ती इकडे वापरण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. तो मानू नये.

आपण एकटेच चालवणार असता तर मी मॅन्युअलच घ्या म्हटले असते. रोजचे दहा किलोमीटर आणि बेळगावची रहदारी एवढ्याने डावा पाय थकत नाही, आणि वाचलेल्या पैशांत कित्येक वर्षांचे टायर येतात. पण ही गाडी तिघांची आहे. वडिलांना क्लच जमणार नसेल, तर मॅन्युअल घेतल्यावर ते स्वतःच्या घरातल्या गाडीत कायमचे प्रवासी होतील. ड्युअल क्लच घ्यावा. टेस्ट ड्राइव्ह मात्र वडिलांना चालकाच्या जागी बसवून घ्यावी, आणि मोकळ्या महामार्गावर न घेता पुलाच्या चढावर, गर्दीच्या वेळी घ्यावी.

प्रश्न : २०१५ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चांगल्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : १.२ लिटरचे १०५ पीएसचे इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी ही जोडी २०१३ मध्ये आली तेव्हा या किमतीत तशी दुसरी गाडी नव्हती, आणि आजही ती चालवताना मन रमते. परंतु हाही कोरडा ड्युअल क्लचच आहे, आणि त्याचा मेंदू, म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिट, बिघडल्यास दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी थंड इंजिनावर पाहावी. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली, किंवा चढावर रिव्हर्स घेताना धक्का बसला, तर किंमत कितीही उतरली तरी परत यावे. पोलोच हवी असेल तर २०२० नंतरची, ११० पीएसचे एक लिटर टर्बो इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल असलेली शोधावी. पोलोची विक्री २०२२ मध्ये थांबली, तरी तिचा क्लच खोलणारा कारागीर जवळपास मिळेल. डीएसजीसाठी खानापुरातून दूरची वाट धरावी लागेल.

प्रश्न : माझी एएमटी हॅचबॅक तवंदी घाटात रहदारी थांबली की मागे सरकते आणि जळका वास येतो. गिअरबॉक्स गेला का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरल्यामुळे क्लच प्लेट जळते आहे. थांबताच हँडब्रेक ओढावा, निघताना हलकेच ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढ घेऊ लागल्यावरच तो सोडावा, आणि संथ चढावर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवावा. एवढे करूनही सपाट रस्त्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही असे आढळले, तर क्लच प्लेट बदलण्याची वेळ आली आहे.