रश म्हणजे चीटिंग नव्हे, आणि तुझे हातही स्लो नाहीत

भावा, तुझं म्हणणं थोडक्यात असं. एज ऑफ एम्पायर्स टू डेफिनिटिव्ह एडिशन हा गाव वसवून लढायचा कॉम्प्युटर गेम घेऊन चार महिने झाले, रँक्ड खेळतोस, आणि दर दोन मॅचमागे एकदा सहाव्या मिनिटाला कुणीतरी तीन मिलिशिया (सुरुवातीचे साधे शिपाई) घेऊन दारात उभं राहतं, म्हणजे रश करतं. तिथंच खेळ संपतो. ‘ही कसली स्ट्रॅटेजी, हे तर चीटिंग’, असं तू लिहिलंस. वर विचारलंस की एपीएम (मिनिटाला किती क्लिक आणि कळा दाबतो तो आकडा) 60च्या पुढं जात नाही, तर हे कोरियन पोरांचंच काम समजून सोडून देऊ का. आणि तसंही आरटीएस (रिअल टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे असे पाळी न लावता एकाच वेळी खेळायचे गेम) मेलंच आहे ना.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी. आधी तुझा रिप्ले.

काल सेकंड शिफ्ट करून घरी आलो, जेवलो आणि तो दोनदा बघितला. एकदा तुझ्या बाजूनं, एकदा त्याच्या. 6 मिनिटं 10 सेकंदांना त्याचे तीन मिलिशिया तुझ्या लाकूड तोडणाऱ्यांवर आले आणि तू घंटा वाजवलीस, म्हणजे सगळ्यांना काम सोडून आत बोलावलंस. तेव्हा तुझे 18 व्हिलेजर (कामकरी) होते. 15 जण टाऊन सेंटरमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य इमारतीत (टीसी) शिरले, कारण आत जागाच तेवढी. उरलेले तिघं बाहेर सैरावैरा पळत होते, त्यातला एक मेला. साधारण 50 सेकंदांनी तू सगळ्यांना परत कामाला सोडलंस आणि चॅटमध्ये त्याला दोन शब्द सुनावलेस. (ते शब्द चांगले होते, पण टाइप करायला अकरा सेकंद गेली.)

आता हिशोब बघ. 18 जण 50 सेकंद रिकामे, म्हणजे 900 सेकंद. एका माणसाची पंधरा मिनिटांची मजुरी. व्हिलेजर मिनिटाला साधारण वीसेक रिसोर्स आणतो, म्हणजे तीनशेचा फटका. व्हिलेजर पडतो 50 फूडला. त्यानं तुझा एक मारला, तू स्वतःचे सहा मारलेस.

त्याच्या बाजूनं बघितलं तर गंमत अजून कळते. मिलिशियाला फूड लागतं, वर गोल्डही.  बरॅक्स (शिपायांची इमारत) पुढं लागतंच, ते धरत नाही. त्या तिघांच्या फूडमध्ये त्याचे तीन व्हिलेजर झाले असते, गोल्ड वेगळंच. म्हणजे मिलिशिया तुझ्या दारात पोचले त्या क्षणी तो तुझ्या मागं होता! त्यानं जुगार लावला होता की तू घाबरशील. तू घाबरलास, जुगार लागला. लाकडाच्या लाइनवर तुझे चौघंच होते. तेवढ्याच चौघांना टीसीत घातलं असतंस तर टीसीचे बाण वाढले असते, बाकीचे चौदा आपलं काम करत राहिले असते, आणि तो मिनिटभर फिरून हात हलवत परत गेला असता. घंटेचं बटण आहे हे काही दिवस विसरून जा.

‘चीटिंग’ हा शब्द मात्र वाचून हसू आलं, कारण आम्हीही तोच वापरायचो. 2001-02ची गोष्ट. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक नेट कॅफे होता, सहा पीसी लॅनवर, तासाला वीस रुपये. गेमची कॉपी म्हणजे कुणीतरी कुठूनतरी आणलेली रिप, म्हणजे काटछाट केलेली चोरटी कॉपी. जागा वाचवायला म्युझिक उडवलेलं, त्यामुळं लढाया मुक्यानं चालायच्या. आणि नियम एकच: वीस मिनिटं अटॅक नाही. मॅप ब्लॅक फॉरेस्ट, चारी बाजूंनी जंगल, मधल्या वाटेवर भिंत घालायची आणि आत निवांत संसार करायचा. वीस मिनिटं झाली तरी कुणी बाहेर पडायचं नाही. मग कधीतरी दीड तासानं ट्रेबुशे (दगडफेकी यंत्रं) निघायचे, आणि नेमकी तेव्हा लाइट जायची. हा नियम कुणी काढला ठाऊक नाही, पण तासावर पैसे घेणाऱ्या मालकाला तो फार आवडायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीत इचलकरंजीचा एक पोरगा मामाकडं आला होता, तो आमच्यात बसला. फ्यूडल एजला (गेमच्या दुसऱ्या टप्प्याला) गेल्या गेल्या चार व्हिलेजर घेऊन आला आणि माझ्या सोन्याच्या खाणीला खेटून टॉवर उभा केला. सुरुवातीला 200 दगड मिळतात, टॉवरला 125 लागतात, सगळ्यांकडंच ते असतात. आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं. आम्ही आरडाओरडा केला. तो शांतपणे म्हणाला, ‘कुठं लिहिलंय?’ त्याला पुढच्या गेमला घेतलं नाही. खरं सांगायचं तर त्या खोलीत खेळत होता तो एकटाच, आम्ही बाकीचे बांधकाम खात्यात होतो.

पुढं कितीतरी वर्षांनी ऑनलाइन खेळायला लागलो तेव्हा हा नियम महागात पडला. पहिल्या तीसेक मॅच मी सलग हरलो, कारण माझ्या डोक्यात खेळ वीस मिनिटांनी सुरू व्हायचा.

रश नसेल तर काय होतं याचा विचार कर. जो सगळ्यात हावरटपणे फक्त व्हिलेजर आणि टीसी वाढवत जाईल तोच जिंकणार. मग सगळे तेच करणार, आणि शेवटी कोण कमी चुकलं एवढंच मोजायचं उरणार. रश आली की हावरटाला भीती पडते. भीती पडली की कुणी आधीच दोन भालेवाले उभे करतो, कुंपण घालतो. तो सावध झाला की रशवाल्याचे पैसे बुडतात. आणि जो सावध राहून बसला, त्याच्या पुढं परत हावरट निघून जातो. हे तीन जण एकमेकांच्या मागं गोल फिरतात म्हणून तर समोरचा काय करतोय हे बघायला स्काऊट (टेहळणीचा घोडेस्वार) पाठवायचा. तुझा स्काऊट चौथ्या मिनिटापासून तुझ्याच मेंढ्यांशेजारी उभा होता. त्याच्या गावात एक चक्कर मारली असतीस तर बरॅक्स दिसलं असतं, आणि तुला दोन मिनिटं आधी कळलं असतं.

स्टारक्राफ्टमध्ये, म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या गाजलेल्या गेममध्ये, यावरून किती वाद झाला ते तुला कदाचित माहीत नसेल. 2004 साली कोरियातल्या एव्हर स्टारलीगची सेमीफायनल होती, लिम यो-ह्वान म्हणजे बॉक्सर विरुद्ध हाँग जिन-हो म्हणजे यलो. त्या काळातली सगळ्यात गाजलेली जोडी. लोक टीव्हीसमोर रात्र रंगणार म्हणून बसलेले. बॉक्सरनं पहिल्या गेमला बंकर रश केली, म्हणजे सुरुवातीलाच समोरच्याच्या दारात मोर्चा बांधला, आणि जिंकला. दुसऱ्या गेमला परत बंकर रश, परत जिंकला. तिसऱ्याला कुठला शहाणा माणूस तेच करेल? त्यानं तेच केलं. 3-0. लोक चिडले, आणि बरेच जण अजून चिडलेले आहेत. मला विचारशील तर तिसरी रश ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी चाल होती. यलोला पहिल्या दोन वेळा बंकर दिसला होता, तिसऱ्यांदा तो येणारच नाही असं त्यानं गृहीत धरलं. खासबागेच्या कुस्ती मैदानात एखाद्यानं पहिल्याच मिनिटात घिस्सा मारून चितपट केलं तर लोक फेटे उडवतात, तिकिटाचे पैसे परत मागत नाहीत. उलट पाऊण तास नुसतं हाताला हात लावून एकमेकांना जोखत बसलेल्या जोडीला काय काय ऐकावं लागतं ते तिथं बसून ऐक एकदा.

आणि रश खरोखरच डोईजड झाली तर काय करायचं, याचं ब्रूड वॉरवाल्यांचं, म्हणजे जुना स्टारक्राफ्ट खेळणाऱ्यांचं, उत्तर मला फार आवडतं. त्या गेममधल्या युनिट्सची ताकद-किंमत कंपनीनं शेवटची बदलली 2001 साली. त्यानंतर हात लावला नाही. एखादी रेस (गेममधल्या तीन जमातींपैकी एक) फार जिंकायला लागली की नकाशे बदलायचे. दोन बेसमधलं अंतर वाढव, चढाची वाट अरुंद कर, दुसरी खाण जरा लांब ठेव. जसं मैदान तसा डाव. वीस वर्षांहून जास्त काळ तो खेळ मैदानाच्या जोरावर समतोल राहिलाय. ‘वीस मिनिटं अटॅक नाही’ असा नियम तिथं कुणाला करावा लागला नाही.

आता हात.

कोरियन पोरांचे तीनशे-चारशे एपीएमचे आकडे बघून घाबरू नकोस. ब्रूड वॉरमध्ये एका वेळी 12च युनिट निवडता येतात, प्रत्येक इमारत वेगळी उघडावी लागते, नवा कामगार निघाला की त्याला हातानं खाणीवर पाठवावं लागतं. तिथं हात लागतातच. आपल्या गेममध्ये हे बरंचसं आपोआप होतं. शिवाय त्या आकड्यांत बोटं गरम ठेवायला मारलेले रिकामे क्लिक पुष्कळ असतात.

जानेवारी 2019मध्ये गूगलच्या डीपमाइंडनं अल्फास्टार, म्हणजे स्टारक्राफ्ट टू खेळणारा एआय, आणला होता, आठवतंय का? टीएलओ आणि माना या दोन प्रो खेळाडूंना मशीननं प्रत्येकी 5-0 हरवलं. त्याचा सरासरी एपीएम 280च्या आसपास होता, मानापेक्षा कमी. (ऐन लढाईत तो माणसाला अशक्य अशी झेप घ्यायचा, त्यावर लोक तुटून पडले आणि बरोबरच तुटून पडले.) पण मला आठवतो तो नंतरचा, थेट दाखवलेला एक गेम, जो माना जिंकला. त्यानं एका वॉर्प प्रिझममध्ये (फौज नेणाऱ्या विमानात) दोन इमॉर्टल (जड युनिट) भरले आणि मशीनच्या बेसमागं सोडले. मशीनची अख्खी फौज मागं वळली. मानानं ते उचलले, फौज परत पुढं निघाली. त्यानं पुन्हा सोडले, फौज पुन्हा मागं. हेलपाटे घालता घालता मशीन वेळ घालवत राहिलं आणि मानानं तेवढ्यात मोठी फौज बांधली. मशीनचे हात स्लो नव्हते. दोन युनिटांसाठी किती जणांना वळवायचं हे त्याला कळलं नाही. तुझ्या घंटेचंच दुखणं ते.

मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आहे. आमच्याकडं नवा पोरगा आला की तो पळत असतो. जॉब उचलतो, गेज शोधतो, घाम पुसतो, आणि मशीन उभं. जुना माणूस सावकाश चालतो, पण पुढचा जॉब, टूल, गेज सगळं आधीच हाताशी ठेवलेलं असतं, स्पिंडल (मशीनचा फिरता भाग) थांबत नाही. संध्याकाळी नग मोजले की कळतं. टाऊन सेंटर म्हणजे तुझा स्पिंडल. व्हिलेजर 25 सेकंदांत निघतो. तुझ्या रिप्लेत पहिल्या 12 मिनिटांत टीसी एकूण 3 मिनिटं 20 सेकंद रिकामं होतं. 200 सेकंद, म्हणजे आठ व्हिलेजर. टीसीला एक हॉटकी दे आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी ती दाबायची सवय लाव, लढाई चालू असली तरी. घर बांधायचं विसरल्यामुळं थांबलं असेल तर दोन घरं आधी बांध. 60 एपीएममध्ये हे आरामात बसतं, मी स्वतः 70च्या वर क्वचित जातो आणि माझी चाळिशी कधीच उलटलीय.

कोरियनांचंच काम म्हणशील तर 2018 साली ब्लिझकॉनला (स्टारक्राफ्टच्या कंपनीच्या मेळाव्यात) स्टारक्राफ्ट टूचं जागतिक विजेतेपद फिनलंडच्या सेरालनं नेलं, फायनलला कोरियाच्या स्टॅट्सला 4-2 हरवून. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्योंगचांगला, म्हणजे कोरियात जाऊन, त्याच गेमची स्पर्धा कॅनडाची स्कार्लेट जिंकली. आणि आपल्या गेममधले बडे खेळाडू बघ, द वायपर नॉर्वेचा आणि हेरा कॅनडाचा.

राहिलं मेलं की नाही. कोरियात जे मोठं होतं ते खरंच मोडलं. 2010ला मॅच फिक्सिंग बाहेर आलं, सावियोरसारख्या विजेत्यावर कायमची बंदी आली, 2012ला ती जुनी स्टारलीग बंद झाली, 2016ला प्रोलीग (संघांची लीग). वॉरक्राफ्ट थ्री या आरटीएसच्या एका मॉडमधून (खेळाडूंनी केलेल्या बदलातून) डोटा हा टीमनं खेळायचा गेम निघाला आणि गर्दी तिकडं गेली. तिथं पाच जण असतात, हरलं तर शिव्या घालायला चार जण मिळतात. आपल्याकडं एकट्यानं हरायचं. आपल्या देशात तर पब्जीनंतर सगळं मोबाइलवरच गेलं, आणि तो राजारामपुरीतला कॅफेही कधीच बंद झाला. पण 1999चा गेम 2019ला नव्यानं निघतो, 2022ला त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर येतात, त्याच वर्षी जर्मनीत हायडेलबर्गच्या किल्ल्यात त्याची स्पर्धा भरते. स्टारक्राफ्ट टूसुद्धा 2024 आणि 2025ला रियाधच्या एस्पोर्ट्स वर्ल्ड कपला होतं, पहिल्यांदा क्लेम जिंकला, दुसऱ्यांदा सेराल. मेलेल्याचं एवढं कुणी करत नाही. कोल्हापुरात नियमित खेळणारे माझ्या ओळखीचे पाच जण आहेत, आणि पाचांत दोन भांडणं चालू आहेत, म्हणजे तब्येत ठीक आहे. (मराठे का नाहीत, हे एक. अरे, गेमचा काळ मध्ययुगाचा, आपले त्यानंतरचे. दरवेळी तेच सांगतो.)

आता काम. पुढच्या दहा मॅच तू रश कर. तीन मिलिशिया, सहाव्या मिनिटाच्या आत समोरच्याच्या लाकडावर. जिंकायच्या नादाला लागू नकोस. मिलिशिया तिकडं फिरत असताना घरी टीसी चालू राहतंय का, एवढंच बघ. पाचव्या-सहाव्या मॅचला तुझ्या लक्षात येईल की समोरच्यानं घंटा वाजवली नाही तर रशवाल्याच्या पोटात कसा गोळा येतो. मग ते रिप्ले मला पाठव. येत्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, त्यामुळं रात्री दहाच्या पुढं नाही. रविवारी संध्याकाळी मात्र खेळू. मॅप अरेबिया, म्हणजे मोकळं मैदान, आणि मी पहिल्या मिनिटापासून येणार आहे.