बाबांसाठी पगारी सोबती ठेवायचा तर रोज एक तास बरा की आठवड्यातून दोनदा तीन तास?

तुमचे बाबा ७८ वर्षांचे, पुण्यात एकटे राहतात. तुम्ही कॅनडात. त्यांच्याशी गप्पा मारायला, त्यांना फिरवून आणायला कुणीतरी हवंय, आणि रविवार सोडून रोज एक तास की आठवड्यातून दोनदा तीन तास, हे तुमचं ठरत नाहीये. पैसे दोन्हीकडे सारखेच पडतात. मी पुण्यात हेच काम करते. बाबा चालते-बोलते असतील तर दोनदा तीन तास घ्या, असं मी म्हणेन.

एका तासात काय होतं बघा. काका दार उघडतात, कानाचं मशीन शोधून लावतात, चहा होतो. मग तब्येत, गोळ्या, पेपरातली बातमी. यातच अर्धा तास जातो. थोड्या वेळाने त्यांचंच लक्ष घड्याळाकडे जातं आणि "तुम्हाला पुढे जायचं असेल ना?" सुरू होतं. या पिढीची माणसं फार भिडस्त. आपल्यापायी दुसऱ्याचा खोळंबा त्यांना सोसत नाही, मग मनातलं मनातच राहतं. आणि पुढे जायचं असतंही! तासाच्या भेटी घेणारी मुलगी कोथरूडहून सिंहगड रोड, तिथून धायरी अशी दिवसभर ट्रॅफिकमध्ये असते. ती शांत बसणार कधी?

तीन तासांत एका टप्प्यावर बोलणं संपतं, आणि ते संपायलाच हवं. मग कुणी शेंगा सोलतं, कुणी शब्दकोडं घेतं, कुणी नुसतं गॅलरीत बसतं. अशा वेळी अचानक काकूंच्या शेवटच्या आजारपणाचा विषय निघतो, नाहीतर भावाशी कित्येक वर्षं बंद असलेल्या बोलण्याचा. असे विषय मी बहुतेक वेळा दुसरा तास उलटल्यावरच ऐकले आहेत.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजात नुकती आलेली मुलं यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज. तो पगारी सोबतीचा अभ्यास नव्हे, पण त्यातली एक गोष्ट मला रोज पटते: एकत्र काम करण्यात गेलेल्या वेळाने जवळीक फारशी वाढत नाही, मोकळ्या वेळाने वाढते. म्हणून कृपा करून सोबत्याला बँक, लाइटबिल, औषधं आणणं यांची यादी देऊ नका. त्या कामांना वेगळा माणूस ठेवा.

बाबांना विस्मरणाचा आजार असेल, किंवा ते लवकर थकत असतील, तर मात्र माझं उत्तर उलटं आहे. तिथे रोज, ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ, आणि चेहरा तोच. इंग्लंडमध्ये घरी येणाऱ्या सेवकांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटींवर बराच वाद झाला होता. आरोग्य आणि देखभालीचे निकष ठरवणाऱ्या तिथल्या 'नाइस' या संस्थेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: अर्ध्या तासाहून छोटी भेट ठेवायची तर येणारी व्यक्ती ओळखीची हवी, ती भेट मोठ्या सेवेचा भाग हवी आणि ठरलेल्या कामापुरता वेळ तिच्यात मिळायला हवा. ओळखीची व्यक्ती ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते.

अशी माणसं पुरवणारे ब्युरोवाले तुम्हाला बारा तासांच्या ड्यूटीची मावशीही सुचवतील. आंघोळ, जेवण, उठवणं-बसवणं यासाठी ती लागते, आणि ते काम फार कष्टाचं आहे. पण बारा तास कुणीच कुणाशी गप्पा मारू शकत नाही. दुपारनंतर टीव्ही लागतो आणि एक जण एका खोलीत, दुसरा दुसऱ्या खोलीत. हिंडत्या-फिरत्या माणसाला ही सोबत नव्हे, पहारा वाटतो.

ठरवताना दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पैसे भेटीगणिक न देता महिन्याचे द्या, म्हणजे बाबांच्या डोक्यात मीटर चालू राहत नाही. आणि निदान तीन महिने माणूस बदलणार नाही, असं ब्युरोकडून लिहून घ्या. तो रजेवर असेल त्या दिवशी बदली माणूस मागू नका. भेट पुढे ढकला आणि तसं बाबांना आधी फोन करून सांगायला लावा.