वाचकांचे प्रश्न : विंडोज बदलले आणि डीव्हीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला

प्रश्न : आमच्या घरी २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे माझ्या भाच्याने त्यावर विंडोज ११ चढवून दिले. बाकी सर्व सुरळीत आहे. परंतु तेव्हापासून डीव्हीडी ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही. बटण दाबले की ट्रे बाहेर येतो आणि डीव्हीडी घातल्यावर ती आत फिरल्याचा आवाजही येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर पिवळे चिन्ह असून आत ‘कोड १९’ असे लिहिलेले आहे. जवळच्या दुकानदाराने ड्राइव्ह निकामी झाल्याचे सांगून यूएसबीने जोडायचा नवा ड्राइव्ह घेण्यास सुचवले. गिरगावातील आमच्या जुन्या चाळीच्या गणेशोत्सवात आईने गायलेल्या भावगीतांचे चित्रण दोन डीव्हीडींवर आहे आणि त्याची प्रत दुसरीकडे कोठेही नाही. नवा ड्राइव्ह घ्यावा का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई

उत्तर : तूर्त घेऊ नये. ट्रे बाहेर येतो आणि डीव्हीडी फिरते, म्हणजे ड्राइव्हला वीज मिळत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचे नाव दिसते, म्हणजे संगणकाने त्याला ओळखलेलेही आहे. ‘कोड १९’चा मायक्रोसॉफ्टने दिलेला अर्थ असा, की त्या उपकरणाची रजिस्ट्रीमधील माहिती अपूर्ण किंवा बिघडलेली असल्यामुळे विंडोज ते सुरू करू शकत नाही. म्हणजे तक्रार विंडोजच्या नोंदवहीबद्दल आहे, ड्राइव्हच्या यंत्राबद्दल नाही.

ही नोंद बहुधा कशी बिघडते ते सांगतो, कारण उपाय त्यातूनच कळतो. सीडी-डीव्हीडी लिहिणारी किंवा आभासी ड्राइव्ह तयार करणारी काही सॉफ्टवेअर बसवताना विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये स्वतःचा एक छोटा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, घालतात. त्यांची नावे रजिस्ट्रीत ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या दोन नोंदींत लिहिलेली असतात. विंडोजची नवी आवृत्ती चढवताना असा जुना ड्रायव्हर गळून पडला किंवा नव्या आवृत्तीत चालेनासा झाला आणि त्याचे नाव मात्र नोंदीत तसेच राहिले, तर विंडोज दर वेळी त्या नावाचा शोध घेते, ते सापडत नाही आणि ड्राइव्ह सुरू करणे तेथेच थांबते. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या नोंदी एका ड्राइव्हपुरत्या नसून सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या संपूर्ण वर्गासाठी असतात. त्यामुळे दुकानदाराच्या सांगण्यावरून आपण नवा ड्राइव्ह आणून जोडला असता, तर त्याच्याही नावावर तेच पिवळे चिन्ह दिसण्याची दाट शक्यता होती. कित्येक घरांत असे धडधाकट ड्राइव्ह भंगारात जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रथम साधा उपाय करून पाहावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर उजवी कळ दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तो स्वतःच नव्याने बसवते. ‘डीव्हीडी ड्रायव्हर’ म्हणून इंटरनेटवर जे काही उतरवून घ्या असे सांगितले जाते, त्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये. या ड्राइव्हसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.

कोड १९ मात्र एवढ्याने सहसा जात नाही, आणि मग रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. हे काम भाच्याला शेजारी बसवून, घाई न करता करावे. आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि ‘रिस्टोअर पॉइंट’, म्हणजे बिघडल्यास विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी खूण, तयार करावा. त्यानंतर रजिस्ट्री एडिटर उघडून ‘एचकी लोकल मशीन’, त्यात ‘सिस्टम’, मग ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’ आणि ‘क्लास’ असे क्रमाने आत जावे. तेथे महिरपी कंसातील लांबलचक नावांच्या अनेक फोल्डरची रांग दिसेल. आपल्याला हवा असलेला फोल्डर ‘४डी३६ई९६५’ या अक्षर-अंकांनी सुरू होतो. शेवटचा आकडा दोनदा वाचावा. त्याच रांगेत ‘४डी३६ई९६७’ने सुरू होणारा फोल्डर हार्डडिस्कचा आहे, त्यातही ‘अपर फिल्टर्स’ ही नोंद असते आणि ती चुकून काढली, तर संगणक सुरू होणेच बंद होऊ शकते. योग्य फोल्डर निवडल्यावर उजव्या बाजूस ‘क्लास’ या शब्दासमोर ‘सीडीरॉम’ असे दिसते. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘एक्सपोर्ट’ने त्याची प्रत डेस्कटॉपवर ठेवावी. मग उजव्या बाजूस ‘अपर फिल्टर्स’ असेल तर ती नोंद काढावी, ‘लोअर फिल्टर्स’ असेल तर तीही काढावी. दोन्हींपैकी एकच असेल तर तेवढीच काढावी. ज्या नोंदीच्या नावाअखेर ‘बॅक’ अशी जोड असेल तिला हात लावू नये. ती केवळ जुनी प्रत असते आणि तिचा त्रास नसतो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ड्राइव्ह ‘धिस पीसी’मध्ये दिसू लागेल. डीव्हीडी लिहिण्याचे एखादे जुने सॉफ्टवेअर त्यानंतर चालेनासे झाले, तर त्याची विंडोज ११साठी असलेली आवृत्ती पुन्हा बसवावी. जुनीच बसवली तर तीच नोंद परत येऊ शकते.

या दोन्ही नोंदी तेथे नसतीलच, किंवा त्या काढूनही उपयोग झाला नाही, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेत, जाऊन ड्राइव्हचे नाव तेथे आहे का ते पाहावे. तेथेही नसेल तर संगणक बंद करून, प्लग काढून, ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी आतील साटा केबल दोन्ही टोकांना नीट बसवावी; मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत जोडांवर गंज धरतो. ड्राइव्ह दिसतो, सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, असे झाल्यास मात्र दोष यंत्राचा समजावा, कारण सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा वेगळा लेसर लागतो आणि त्यांपैकी एकच निकामी होऊ शकतो. तशा वेळी लॅमिंग्टन रोडवर जाऊन यूएसबीचा ड्राइव्ह घेण्यास हरकत नाही.

ड्राइव्ह सुरू झाल्यावर आईंच्या डीव्हीडी घालताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. विंडोज ११मधील मीडिया प्लेअर व्हिडिओ डीव्हीडी चालवत नाही. त्यावरून डीव्हीडी खराब झाली असे समजू नये, व्हीएलसी हा मोफत प्लेअर बसवावा. आणि डीव्हीडी रिकामी असल्याचे सांगून ती कशी वापरायची असे विंडोजने विचारले, तर काहीही न निवडता ती खिडकी बंद करावी. रेकॉर्डरवर चित्रण करून ‘फायनलाइझ’ न केलेली, म्हणजे इतर यंत्रांवर चालण्यासाठी शेवटी बंद न केलेली, डीव्हीडी संगणकाला रिकामी भासते, आणि ‘फॉरमॅट’ केल्यास त्यातील चित्रण जाऊ शकते.

डीव्हीडी मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. ती उघडल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. तो संपूर्ण हार्डडिस्कवर उतरवावा. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबीपर्यंतच मजकूर मावतो, त्यामुळे दोन्हींना मिळून १० जीबी जागा पुरते. उतरवलेली प्रत एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावी आणि मग दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढून भाच्याच्या घरी ठेवायला द्यावी.