कॅन्डिडावर झोन आला नाही म्हणून कल्चर फेकू नका

तुमचा प्रश्न सॉल्व्हंटचा आहे, पेनिसिलियम या बुरशीतून अँटिफंगल (बुरशी मारणारं द्रव्य) काढायला कोणतं घ्यावं असा, पण मला टोचलं ते शेवटचं वाक्य, की कॅन्डिडा या यीस्टवर झोन (वाढ थांबल्याचं मोकळं वर्तुळ) येत नाही म्हणून सर कल्चर टाकून द्या म्हणतायत. अजिबात टाकू नका.

एमएस्सीला माझ्याशी हेच झालं. भातखाचराच्या मातीतलं आयसोलेट (वेगळी काढून वाढवलेली बुरशी), कॅन्डिडाच्या प्लेटवर काहीच नाही, आणि गाइड म्हणाले ॲक्टिव्हिटी नाही, विषय संपला. मी म्हटलं सर, ग्रिसोफुल्विनसुद्धा कॅन्डिडावर चालत नाही, मग ते काय अँटिफंगल नाही का? 1939 साली पेनिसिलियम ग्रिसोफुल्वममधूनच काढलेलं, गजकर्णाला आजही त्याच्या गोळ्या देतात! यीस्टवर त्याचा परिणाम नाही, ते त्वचेवरच्या बुरशीवर चालतं, पेशीतल्या मायक्रोट्युब्यूल नावाच्या सूक्ष्म नळ्यांना धरून विभाजन थांबवतं. 1946 साली इंग्लंडमध्ये ब्रायन आणि त्यांच्या संशोधक मंडळींना ते पुन्हा सापडलं तेसुद्धा बोट्रायटिस या बुरशीच्या हायफा (धागे) वाकड्या होतात यावरून. त्याला त्यांनी कर्लिंग फॅक्टर म्हटलं, आणि मग कळलं की हे तर ग्रिसोफुल्विनच. सर म्हणाले, वाद नको, प्रोजेक्ट संपवायचाय. मी कल्चर ठेवलं, बोट्रायटिसचे स्पोर स्लाइडवर उगवायला ठेवून त्यात एक्स्ट्रॅक्ट घातला, शेजारी नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल, आणि कंट्रोलमध्ये हायफा सरळ तर माझ्याकडे सगळ्या वेटोळ्या. पुढे टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची पद्धत) ग्रिसोफुल्विनच्या स्टँडर्डबरोबर (शुद्ध नमुन्याबरोबर) स्पॉट त्याच उंचीला आला. ते बघूनही सरांनी रिपोर्टमध्ये कॅन्डिडाचाच टेबल पुढे ठेवायला लावला. माझं मत आजही तेच आहे, एकाच टेस्ट ऑर्गॅनिझमवर कल्चर निकालात काढणं हे आळशीपणाचं काम.

आता सॉल्व्हंट. ब्रॉथला (बुरशी वाढवलेल्या द्रवाला) इथाइल ॲसिटेट, दोन-तीनदा. मायसेलियम (बुरशीच्या धाग्यांचा गोळा) गाळून फेकू नका, बरीच मंडळी नेमकं तेच करतात, आणि ग्रिसोफुल्विन तर बरंचसं त्यातच असतं. वाळवून ॲसिटोनमध्ये भिजवा, गाळा, रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) आटवा, दोन्ही एक्स्ट्रॅक्ट वेगळे ठेवा. मग टीएलसी, नंतर सिलिका कॉलम, आणि कॉलममधून आलेला प्रत्येक फ्रॅक्शन (भाग) परत टेस्टला लावा, नुसता सुंदर स्पॉट बघून पुढे जाऊ नका.

हो, एक राहिलं. पेनिसिलियम ग्रिसोफुल्वम पॅटुलिनही बनवतं, ते बुरशी मारतं तसं आपल्यालाही विषारी आहे, त्यामुळे क्रूड एक्स्ट्रॅक्टने काही मेलं म्हणून लगेच औषध सापडलं समजू नका, पॅटुलिनचा स्टँडर्ड शेजारी लावून बघा, आणि स्पोर आलेल्या प्लेटा बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा.