विचारा की! या वेळी: घरचा स्विमिंग पूल

प्रश्न : बाणेरला आमचा जुना बंगला आहे, मागे बरीच मोकळी जागा आहे. तिथे दहा मीटर बाय चार मीटरचा पूल करायचाय, सुट्टीत नातवंडं येतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो खड्डाच तर आहे, एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात) धरत नाहीत, परवानगी कशाला, पुढच्या आठवड्यात जेसीबी लावू. लावू द्यायचा का?

उत्तर : नका लावू देऊ, निदान आत्ता तरी. एफएसआयचं तो बरोबर बोलतोय. डिसेंबर 2020 पासून राज्यात (मुंबई वगैरे सोडून) जी यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली लागू आहे तिच्यात वरून उघडा असलेला पूल एफएसआयमध्ये मोजत नाहीत. पण मोजत नाहीत म्हणजे विचारायचंच नाही असं थोडीच आहे? 1966 च्या एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्यात जमिनीवरचं, जमिनीतलं, जमिनीखालचं सगळंच बांधकाम परवानगीच्या कक्षेत येतं, त्यामुळे 'खड्डाच तर आहे' हे तिथे चालत नाही. नोटीस येते ती कॉन्ट्रॅक्टरला नाही, मालकाला येते, कलम 53 खाली, आणि मग कायम ठेवण्यासाठी अर्ज करा, दंड भरा, नाहीतर बुजवा.

करायचं काय, तर एक आर्किटेक्ट गाठा आणि बंगल्याचा सुधारित नकाशा महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात ऑनलाइन दाखल करायला सांगा. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, आधीचा मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र (राहायला परवानगीचा दाखला) हे शोधून ठेवा, जुन्या बंगल्यांत हेच सापडत नाही आणि सगळं तिथेच अडकतं. मागे नंतर वाढवलेली खोली किंवा शेड असेल तर ती पण या निमित्ताने वर येणार, त्याची तयारी ठेवा. नकाशात नुसता निळा चौकोन काढून भागत नाही, कंपाउंड वॉलपासूनचं अंतर, फिल्टरचा पंप कुठे, फिल्टर धुतलेलं पाणी ड्रेनेजला कसं जाणार, हे सगळं दाखवा. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खोल खणायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागणारच. झाड मध्ये येत असेल तर 1975 च्या वृक्ष कायद्याखाली वेगळी परवानगी, ती आधी घ्या, फांद्या छाटायला पण.

अजून एक ऐकायला मिळतं, की 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. कायद्यात तशी तरतूद आहे, पण नकाशा नियमात पूर्ण बसत असेल तरच, आणि बसतोय की नाही हे ठरवणारे तुम्ही नाही. त्या भरवशावर जेसीबी बोलावू नका. मंजुरी आली की कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम सुरू करायचा दाखला, एक वर्ष चालतं, लांबलं तर मुदतवाढ घ्यावी लागते.

आणि छप्पर! पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांना पूलवर पॉलीकार्बोनेटचं छप्पर टाकावंसं वाटतं, पाला पडतो म्हणून. सवलत उघड्या पूलला आहे, छप्पर टाकलंत की एफएसआयचा प्रश्न पुन्हा उभा. पाण्यावर पसरायचं तरंगतं कव्हर घ्या, ते बांधकाम नाही.

खरं सांगायचं तर मला तुमच्या कागदांपेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. सरासरी 1.3 मीटर खोली धरली तर 52,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर पाचाच्या वर. त्यात एप्रिल-मेमध्ये रोज दोन-तीनशे लिटर नुसतं उन्हाने उडतं. खडकवासल्याच्या धरणसाखळीत पाणी कमी झालं की पुण्यात आधी नजर पूल, गाड्या धुणं असल्या गोष्टींवरच जाते. नळाचं पाणी धरून हिशोब करू नका. नातवंडांसाठीच असेल तर याच्या निम्मा पूल पुरे की.

प्रश्न : मुळशीत फार्महाऊसला पूल करतोय. ग्रामपंचायतीचा दाखला आहे, पुरेल का? आणि खोदलेल्या मुरमाची रॉयल्टी भरावी लागते म्हणतात.

उत्तर : पुरत नाही. मुळशी पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतं, परवानगी तिथूनच घ्या, आणि नदी जवळ असेल तर आधी पूररेषा बघा, निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला असाल तर पूलचा विचारच सोडा. मुरमाचं म्हणाल तर तो ट्रकने बाहेर नेणार असाल, विकणार असाल तर गौण खनिज होतं, म्हणजे रॉयल्टी लागते, तहसीलला विचारल्याशिवाय हलवू नका. त्याच प्लॉटवर भराव, सपाटीकरण करणार असाल तर गोष्ट वेगळी, पुण्याच्याच बिल्डर संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये हा फरक मान्य केलाय. तरी अर्जात लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा. आणि हो, मुळशीच्या पावसात पूल कधी रिकामा ठेवू नका, खालून जमिनीतलं पाणी रेटतं आणि रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते, स्लॅब फाटतो.

प्रश्न : कोथरूडला आमचा टॉप फ्लोअरचा फ्लॅट आहे, टेरेस आम्हीच वापरतो. छोटा रेडीमेड पूल ठेवला तर?

उत्तर : टेरेस तुम्ही वापरता म्हणजे तो तुमचा असं नाही, करारनामा काढून बघा, सोसायटीचा असेल तर ठराव लागेल. पण त्याच्याही आधी वजन. एक मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन, आणि राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या वापराच्या भाराला धरून डिझाइन करतात, गच्चीचा तर त्याहूनही कमी. रेडीमेड असल्याने पाणी हलकं होत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासून लेखी दिल्याशिवाय मुलांचा फुगवायचा टब सोडून दुसरं काही तिथे भरू नका, आणि तोही घोट्याएवढाच.